ओढायची करवत आणि ढकलायची करवत

बाभळीत तीन दात गेले. कापायला लागून दोन मिनिटं पण झाली नसतील. वखराच्या जुन्या दिंडाचा, म्हणजे त्याच्या जाड आडव्या लाकडाचा, तुकडा होता, गावाकडच्या घरात वीस-बावीस वर्षं माळवदाखाली पडून पडून दगड झालेला, आणि माझी जपानी करवत त्यातल्या गाठीवर आली तसा टिक् असा बारीक आवाज आला, मग लगेच अजून दोन. करवत उजेडात धरून बघितली तर एका बाजूचे लागोपाठ तीन दात बुडापासून गायब. अडीच हजाराची वस्तू, दीड वर्ष जिवापाड जपलेली, दर वेळी पुसून खोक्यात ठेवायचो, आणि घरच्याच लाकडानं तिचे दात पाडले. छातीत धस्स झालं एकदम.

पण त्या तीन दातांमुळं मला करवतीबद्दल जे कळलं ते वर्षभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. ओढायची जपानी चांगली का ढकलायची इंग्लिश चांगली, हा वाद सुतारकामाचा छंद असलेली पोरं रोज घालतात, मी पण घातलाय. आता तो वाद मला वेगळाच दिसतो. तेच सांगायचंय.

आधी माझं थोडं. नोकरी वाळूजला, राहायला संभाजीनगरात, गाव लातूर जिल्ह्यात औशाकडं. सुतारकाम करायला लागून तीन वर्षं झाली, सगळं टेरेसवर, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत. लाकूड म्हणजे एमआयडीसीतून येणारी पॅलेट. मशीन ज्या लाकडी बैठकीवर बांधून येतात ना ती, बहुतेक पाइनची, भंगारवाल्याकडं वजनावर मिळतात. (घेताना त्याच्यावरचा शिक्का बघा, एचटी लिहिलेलं असलं म्हणजे लाकूड तापवून किडीपासून साफ केलेलं असतं, ते घ्या, एमबी असलं तर त्याला विषारी वायू दिलेला असतो, ते घरातल्या वस्तूला वापरू नका.) करवत आधी एकच होती, आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती साधी, लाकडी मुठीची, ढकलून कापायची. तिनं कापताना माझा खांदा भरून यायचा आणि काप कधी रेघेवर राहायचा नाही. मला वाटायचं हात तयार नाही अजून.

मग जपानी मागवली. तिला र्‍योबा म्हणतात, म्हणजे दोन्ही कडांना दात असलेली. एका कडेचे दात मोठे, लाकूड उभं चिरायला, आणि दुसऱ्या कडेचे एकदम बारीक, इंचाला पंधराच्या आसपास, आडवं कापायला. पातं २४० मिलिमीटर लांब, म्हणजे साडेनऊ इंच, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, हातात धरून हलवलं तर पोस्टकार्डासारखं लवतं. मूठ सरळ, लांब, वेतानं गुंडाळलेली. पहिल्यांदा बघून मला भरवसाच वाटला नव्हता, म्हटलं हे खेळणं काय कापणार. पाइनच्या फळीवर लावली, अंगठ्याच्या नखाचा टेका दिला, आणि नुसती स्वतःकडं ओढली. दाबली नाही काहीच. ती आपोआप आत शिरली. चार-पाच ओढीत फळीचे दोन तुकडे, आणि कापलेली बाजू इतकी गुळगुळीत की त्याच्यावरून बोट फिरवत मी तसाच बसून राहिलो होतो. त्या दिवशी मी गरज नसताना अख्खं पॅलेट कापून ठेवलं.

हे कसं होतं ते समजून घ्यायला फार काही लागत नाही. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. स्टीलची पातळ पट्टी तशीच. तिला ओढलं की ती ताणली जाते आणि ताणली की सरळ होते, मग ती कितीही पातळ असली तरी चालतं. तीच पट्टी ढकलली की मधेच वाकते, घडी पडते. म्हणून ढकलायच्या करवतीचं पातं जाड ठेवावंच लागतं, एक मिलिमीटरच्या जवळपास, आणि दात दोन्हीकडं वाकवलेले असतात म्हणून लाकडात पडणारी खाच त्याहून रुंद, सव्वा-दीड मिलिमीटर. जपानीची खाच त्याच्या निम्मी. म्हणजे तेवढ्याच कापाला निम्म्याच लाकडाचा भुसा करायचा. कमी लाकूड खायचं म्हणून कमी ताकद लागते, यात जादू काहीच नाही.

आता इंग्लिश करवतीवाल्यांनी यावर उपाय काढला नाही असं नाही. खाचकरवत बघा, कुसू, म्हणजे जोडात खाचेत बसणारं लाकडाचं टोक, पाडायला वापरतात ती. तिच्या पाठीवर पितळेची नाहीतर लोखंडाची जाड पट्टी बसवलेली असते. ती पट्टीच पात्याला सरळ धरते, त्यामुळं पातं बरंच पातळ घेता येतं. तोटा एवढाच की पाठ लाकडाला टेकली की काप थांबला, खोल जाता येत नाही. जपान्यांकडं पण पाठीची करवत आहे, दोझुकी म्हणतात, तिचं पातं तर ०.३ मिलिमीटर. आणि जुन्या चांगल्या इंग्लिश, अमेरिकन लांब करवती असायच्या त्यांचं पातं दातांकडं जाड आणि पाठीकडं घासून घासून पातळ केलेलं असायचं, म्हणजे खोल कापात पातं अडकत नाही. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात हंट्समन नावाच्या माणसानं मुशीत पोलाद वितळवायची पद्धत काढली आणि ते गाव हत्यारांचं झालं, पुढं हेन्री डिस्टननं १८४० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला करवतीचा कारखाना टाकला. त्यांची डी-८ नावाची करवत १८७४ मध्ये आली आणि तिला लोक आजपण शोधून शोधून घेतात, कानस मारून परत कामाला लावतात. दीडशे वर्षांची करवत आजही कापते हे मला फार मोठं वाटतं. माझी जपानी दीड वर्षाची होती.

तर बाभळीवर येतो. वेळअमावस्येला गावी गेलो होतो. वेळअमावस्या म्हणजे आमच्याकडं सगळं गाव शेतात, आंबील, भज्जी, उंडे, ज्वारी पोटरीत आलेली, त्या दिवशी गावात मांजर पण सापडत नाही. दुसऱ्या दिवशी मोकळा होतो, म्हटलं त्या जुन्या दिंडाच्या बाभळीतून रंध्याला ठोकळा काढू. आणि वर सांगितलं ते झालं.

तुटकी करवत घेऊन आप्पांकडं गेलो. आप्पा आमच्या गावचे सुतार, ऐंशीच्या पुढं आहेत. गावातल्या निम्म्या तिफणी आणि वखर त्यांच्या हातचे. लोखंडी पेरणीयंत्र ट्रॅक्टरला लागायच्या आधी पेरणीच्या तोंडावर त्यांच्या दारात रांग असायची हे मी स्वतः बघितलंय, माझे आजोबा मला घेऊन जायचे तिथं. तिफण भरून देणं, दांडी बदलणं, त्याच्या बदल्यात सुगीला ज्वारी. आता काम फार येत नाही पण लिंबाखाली त्यांची जागा तीच आहे, एक ठोकळा, एक पोतं अंथरलेलं, शेजारी वाकस, पटाशी, करवत.

"काय करुलालास हे घेऊन?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, बाभळीत दात गेले बघा ह्याचे. जपानची करवत हाय."

त्यांनी ती हातात घेतली, डोळ्याजवळ नेली. दातांवर बोटाचं टोक हलकंच ठेवून बघितलं, मग मुठीकडून टोकाकडं एकदा आणि टोकाकडून मुठीकडं एकदा असं फिरवलं. मग म्हणाले, "ही वडायची हाय की."

"हाव. जपानी सगळ्या करवती ओढून कापायच्या असतेत."

"आन् माजी कशी हाय मग?"

मी त्यांची करवत उचलली. लहानपणापासून बघितलेली, मूठ झिजून काळी झालेली. तिचे दात मुठीकडं तोंड करून होते.

मी खरंच गप्प झालो. इतकी वर्षं मी त्यांना कापताना बघितलं होतं आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही की हा माणूस करवत ओढतो, ढकलत नाही. ओढून कापणं हा जपानचा शोध, आपल्याला नवीन, असं मी चार लोकांना ठासून सांगितलेलं होतं. आणि ती करवत माझ्या घरापासून चार वाड्यांवर होती.

"दुकानातली तर ढकलायची येती ना आप्पा?"

"येती की. आणायची आन् दात घासून फिरवून घ्यायचे. खाली बसून कापणाऱ्याला ढकलून कसं जमंल बाबा? ढकललं की लाकूड पळतंय म्होरं. वडलं की पायाला येऊन टेकतंय."

आणि त्यांनी करून दाखवलं. पोत्यावर बसले, उजवा पाय दुमडून, डावा गुडघा वर. लाकडाचा तुकडा ठोकळ्यावर ठेवला आणि डाव्या पायाचा तळवा त्याच्यावर असा टाकला की अंगठा आणि शेजारचं बोट लाकडाच्या कडेला पकडून. करवत ओढली की लाकूड पायाच्या तळव्याकडं येतं, आणि तळवा तिथं भिंतीसारखा आहेच. हात मोकळे. क्लॅम्प नाही, शिकंजा नाही, टेबल नाही. मी टेरेसवर लाकूड पकडायला दोन जी क्लॅम्प आणि एक शिकंजा घेतलाय, चांगले पैसे घालून, आणि तरी लाकूड सरकतं.

घरी येऊन मी हेच डोक्यात घोळवत बसलो. जपानी सुतारांचे जुने फोटो बघा, चित्रं बघा, माणूस जमिनीवर बसलेला असतो नाहीतर बुटक्या घोडीवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या तिवईवर, लाकूड ठेवून त्याच्यावर पाय देऊन उभा असतो. उंच टेबल नाहीच. इंग्लिश सुतार उंच बेंचवर काम करतो, शिकंजा बेंचलाच बसवलेला, आणि लांब फळी कापायची असली तर गुडघ्याएवढ्या उंच घोडीवर फळी ठेवून गुडघ्यानं दाबतो आणि वरून खाली करवत ढकलतो, म्हणजे त्याच्या अंगाचं वजन करवतीच्या मागं असतं. त्याची मूठ पण तशीच बनवलेली आहे, तीन बोटं आत आणि पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ, कोपर आणि पातं एका रेषेत. उभा माणूस ढकलतो, बसलेला माणूस ओढतो. करवतीचे दात कुणीकडं बघतात हे सुतार कुठं बसतो त्यावरून ठरतं असं माझं मत झालंय. जुन्या इजिप्तमधल्या तांब्याच्या करवती पण ओढायच्याच होत्या, तांबं मऊ, ढकललं असतं तर वाकलंच असतं. रोमन लोकांनी पातळ पातं लाकडी चौकटीत ताणून बसवलं, मग ते कुणीकडनंही चालवा. म्हणजे ही अडचण सगळ्यांना आली आणि प्रत्येकानं आपापल्या बसण्या-उठण्याप्रमाणं, हाताशी असलेल्या धातूप्रमाणं ती सोडवली.

आणि लाकडाप्रमाणं पण, हे दुसरं. आप्पांनी माझ्या करवतीच्या उरलेल्या दातांवर नख टेकवून सांगितलं, "उंच हायेत बग. बारीक मान हाय दाताला. मऊ लाकडाचं हत्यार हे. बाभळीला बुटका दात पायजे, बुडात जाड." त्यांनी जपान बघितलं नाही, तिथली झाडं ऐकली पण नाहीत, पण नुसत्या दातावरून त्यांनी लाकूड ओळखलं. जपानात घरं, देवळं बांधतात ती सुगी आणि हिनोकी या लाकडांची, दोन्ही सूचिपर्णी, मऊ, सरळ रेषांची. आडव्या कापाचा तो जपानी दात म्हणजे एक लांब निमुळती सुरी असते, तिला तीन बाजूंनी धार केलेली, दोन बाजूला आणि एक वरच्या टोकाला. मऊ लाकडाचे रेषे ती चाकूसारखे कापत जाते म्हणून काप गुळगुळीत येतो. पण वाळलेली बाभूळ, त्यात गाठ, त्यात मी जोर लावून उलसं तिरकं ओढलेलं, तिथं ती मान मोडणारच. जपानात कडक लाकडं नाहीत असं नाही, केयाकी आहे, ओक आहे, आणि कडक लाकडासाठी वेगळ्या दातांच्या करवती पण मिळतात. मी घेताना हे बघितलंच नव्हतं. चूक करवतीची नव्हती, मी पाइनची करवत बाभळीला लावली.

आप्पा तर म्हणाले वाळलेली बाभूळ करवतीनं कापायचीच कामून? ओली असतानाच कापून, वाकसानं तासून ठेवायची, मग वाळू द्यायची. वाळल्यावर तिला फक्त पटाशी नि रंधा.

आता धार. इथं मला दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक वाटतो आणि यावर कुणी फार बोलत नाही.

माझी करवत नीट बघितली तर दातांच्या टोकांना निळसर काळा रंग दिसतो. ती टोकं कारखान्यात विजेच्या जोरावर सेकंदाच्या छोट्याशा भागात लाल करून लगेच थंड केलेली असतात, त्यामुळं फक्त दात काचेसारखे कडक होतात आणि पातं लवचिक राहतं. धार खूप टिकते. सागवानासारखं लाकूड, ज्याच्यात सिलिका असते आणि हत्याराची धार बघता बघता जाते, त्याला असले दात फार चांगले, किनवटच्या सागाचा एक जुना दरवाजा मी याच करवतीनं कापला आणि तिला काही झालं नाही. पण एकदा बोथट झाली की संपली. कानस लावून बघितली मी, ती नुसती घसरते, चर्र आवाज येतो आणि दाताला काही होत नाही, कानसच खराब. पातं काढून टाकायचं आणि नवीन पातं बसवायचं, मूठ तीच. पूर्वी जपानात करवतीला धार लावणारे वेगळे कारागीर असायचे, मेताते म्हणतात त्या कामाला, दातांच्या मधे शिरायला त्यांची चपटी, कडा एकदम पातळ असलेली कानस असते. ते काम वर्षानुवर्षं शिकावं लागतं. आता बहुतेक लोक पातं बदलतात. आणि हे जपानीतच आहे असं समजू नका, आपल्या दुकानात प्लास्टिकच्या मुठीच्या ज्या ढकलायच्या ब्रँडेड करवती मिळतात त्यातल्या बऱ्याच जणींचे दात असेच कडक केलेले असतात, त्यांना पण धार लागत नाही.

साध्या करवतीला मात्र लागते. दुसऱ्या दिवशी लातूरला गंजगोलाईत जाऊन एक साधी चौदा इंची करवत आणली, तीनशेच्या आतली, आणि एक तिकोनी कानस. आप्पांनी समोर बसवून माझ्याकडून दात फिरवून घेतले. पूर्ण दुपार गेली.

आधी पातं दोन पट्ट्यांच्या मधे धरून दोरीनं करकचून आवळलं, दात फक्त बोटभर वर राहतील असं, नाहीतर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. मग चपट्या कानशीनं जुने दात अर्ध्याहून जास्त घासून टाकले, दातांच्या नुसत्या खुणा राहिल्या. मग तिकोनी कानस. एका टोकाकडून सुरू करायचं, प्रत्येक खाचेत कानस आडवी धरून पुढं ढकलायची, तीनदा, मोजून, सगळीकडं सारखा जोर, आणि दाताची उभी कड मुठीच्या बाजूला आणि उतरती कड टोकाच्या बाजूला येईल असा कानशीला कोन द्यायचा. पहिले वीसेक दात माझे लहान-मोठे आले. आप्पा म्हणाले थांब. त्यांनी चपटी कानस सगळ्या दातांच्या डोक्यावरून एकदा अलगद फिरवली. आता करवत उजेडाकडं वाकडी करून बघ म्हणाले. जे दात उंच होते त्यांच्या डोक्यावर चकचकीत ठिपका पडला होता, बारक्या आरशासारखा, उंच दाताला मोठा ठिपका, बुटक्याला काहीच नाही. "तेवढं चमकुलालंय ते जाईपर्यंत घासायचं. गेलं की थांबायचं. एक हात जास्त नको." आणि खरंच, ठिपका बघत घासलं की हात आपोआप सुधारतो, डोळ्याला काहीतरी धरायला मिळतं. शेवटी खाच पाडलेली एक लोखंडी पट्टी दाताला अडकवून एक दात डावीकडं, पुढचा उजवीकडं, उलसाउलसा वाकवायचा. बाभळीला, ओल्या लाकडाला जास्त वाकवायचा म्हणजे खाच रुंद पडते आणि पातं अडकत नाही, वाळलेल्या सागाला कमी.

संध्याकाळी तीच करवत घेऊन मी पोत्यावर बसलो, पायाखाली तोच दिंडाचा तुकडा, आणि ओढली. जपानीसारखी अलगद नाही शिरली. ताकद लागली, थांबून थांबून कापावं लागलं, दोनदा दम घेतला. पण गाठीतून गेली. एकही दात गेला नाही. कापलेली बाजू खरबरीत होती, रंधा मारावा लागला, त्याचं काही नाही. बाभळीचा आतला तांबूस काळपट रंग त्या दिवशी मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला, ओला वास पण येत होता इतक्या वर्षांच्या लाकडाला.

आता मी तीन करवती वापरतो आणि तिन्ही लागतात. पाइन, सुबाभळीच्या फळ्या, प्लायवूडचे छोटे तुकडे याला जपानी. (प्लायवूडमधला डिंक धार लवकर खातो, म्हणून त्याला वेगळं पातं ठेवलंय.) कुसू पाडायला पण जपानीची उभं चिरायची बाजू, ती खाच इतकी पातळ असते की रेघेच्या नेमक्या कडेनं जाता येतं, फक्त काप खोल गेला की वरच्या बाजूचे दात आत जाऊन लाकडाला ओरखडे काढतात तेवढं सांभाळायचं. ओढताना भुसा सगळा आपल्याकडं रेघेवर येतो, फुंकर मारत राहावं लागतं, ढकलायच्या करवतीत तो पुढं जातो. जपानीला चुकूनही पिळायचं नाही आणि परत जाताना दाबायचं नाही, हात मोकळा सोडायचा. बेंचवर शिकंज्यात लाकूड धरलेलं असलं आणि उभं राहून काम असलं तर मला पितळी पाठीची इंग्लिश खाचकरवत बरी वाटते, तिचं वजनच काम करतं, आपण फक्त दिशा द्यायची. आणि कडक लाकडाला, खिळ्यांची भीती असलेल्या जुन्या लाकडाला ती फिरवलेली, कारण दात गेला तरी घासून परत काढता येतो.

ऑफिसमधला एक पोरगा विचारत होता पहिली कुठली घेऊ. वन बीएचके आहे त्याचा, बेंच ठेवायला जागा नाही, बाल्कनीत खाली बसून करणार. मी त्याला ओढायची घे म्हटलं, आणि क्लॅम्पआधी पायानं धरायला शिक. त्याच्याकडं मोठी जागा आणि भक्कम टेबल असतं तर मी त्याला साधी ढकलायची घ्यायला लावली असती आणि सोबत तिकोनी कानस, म्हणजे धार लावणं पहिल्या महिन्यातच हाताला लागलं असतं. हे माझं मत आहे, कुणाला दुसरं वाटू शकतं, पण करवत बघायच्या आधी आपण कुठं बसणार आणि काय कापणार एवढं बघा.

तेलाचं एक सांगतो, माझ्याकडनं चूक झाली होती म्हणून. पातं गंजू नये म्हणून मी पहिल्या पावसाळ्यात घरातलं करडईचं तेल लावलं, आमच्याकडं घरात तेच असतं. महिन्याभरात पात्यावर चिकट पिवळा थर बसला, घासून निघेना. करडईचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, जवसासारखंच. जपानात कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात, ते तसं सुकत नाही. मी आता शिलाई मशीनचं तेल लावतो, एक छोटी बाटली वर्षभर जाते.

तीन दात गेलेलं पातं मी टाकून देणार होतो. नवीन पातं मागवून बसवलं होतं. पाडव्याला गावी गेलो तेव्हा आप्पांना दाखवायला म्हणून जुनं सोबत नेलं तर ते म्हणाले, टाकू नको, दे इकडं. वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरवर त्याचा चार बोटं रुंद तुकडा पाडून घेतला, कड कानशीनं सरळ केली, मग एका गुळगुळीत लोखंडी दांड्यानं त्या कडेवर जोरात दोन-तीनदा घासलं, म्हणजे कड डोळ्याला न दिसेल इतकी आकड्यासारखी वळते. आईसाठी मी जुन्या दरवाज्याच्या सागाचा चौरंग करतोय, त्याची वरची फळी सोबत नेली होती. आप्पांनी तो तुकडा दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी उलसा वाकवून फळीवर पुढं ढकलला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ साल निघून त्यांच्या मांडीवर पडला. मग तुकडा माझ्या हातात दिला आणि फळीची उरलेली बाजू माझ्याकडं फिरवली.